वाफेवरचा पाहुणचार

परक्या मुलुखाचे अन्न प्रथमच पानात पडते तेव्हा आपण ते खात नाही, त्याची चौकशी करतो. हे कशाचे? यात काय घातले आहे? कोणी केले? आणि सरतेशेवटी, हे आपल्याकडच्या कशासारखे लागते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की पहिला घास उतरतो. आज मी ज्या जेवणाविषयी बोलणार आहे, त्याची हकीकत अशा एका चौकशीचीच हकीकत आहे. जेवण झाले चेन्नईत, पदार्थ होते दक्षिण चीनमधले आणि चौकशी करणारी होती माझी थोरली बहीण. ती वाईची. वयाची अठ्ठ्याहत्तर वर्षे तिने कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर काढली आहेत.

आक्का माझ्याकडे आली ती श्रावणाच्या अखेरीस. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. देवाच्या दयेने चालणेबोलणे पूर्ववत झाले; परंतु उजव्या हाताची बोटे परत आली ती कामापुरतीच. पाण्याचा तांब्या धरता येई, वाती वळता येत नसत. आणि मोदकाची कळी तर मुळीच पाडता येत नसे. हे ऐकणाऱ्यास किरकोळ वाटेल. पण ज्या वाड्यात आम्ही वाढलो त्या वाड्यातील सर्व बिऱ्हाडांचे गणेशचतुर्थीचे मोदक साठ वर्षे आक्काच्या हातचे असत. एकवीस कळ्यांचा मोदक ती बोलता बोलता करी, आणि बोलण्यातही खंड पडू देत नसे. झटका आल्यानंतरच्या पहिल्या चतुर्थीला तिने हलवायाकडून मोदक आणवले आणि दार लावून घेतले. यंदा चतुर्थीला मी तिला मुद्दाम माझ्याकडे आणले, यामागे माझा हेतू एवढाच होता की त्या दिवशी ती त्या वाड्यात नसावी.

आमचे शेजारी तंजावरी मराठी आहेत. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकात तंजावरास गादी स्थापिली. ते राज्य 1855 साली संपले. पण त्याबरोबर तिकडे गेलेली घराणी परतली नाहीत. त्यांच्या घरांत अद्याप मराठी बोलली जाते. तिला तमिळचा हेल आहे, आणि आपल्याकडे पोथ्यांत उरलेले शब्द तिच्यात अजून चलनात आहेत. शेजाऱ्यांना आपल्या तंजावरचा मोठा अभिमान. तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने रघुनाथ पंडिताने 'भोजनकुतूहल' हा पाकशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ रचला, ही गोष्ट ते नव्या पाहुण्यास पहिल्या भेटीत सांगतात. आणि सांबार हा पदार्थ संभाजी महाराजांच्या नावावरून पडला, ही दुसऱ्या भेटीत. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरीला लेखी आधार नाही. परंतु त्यांच्या घरचे सांबार जेवताना आधार मागण्याची कोणास बुद्धी होत नाही.

त्यांच्या मुलीला नुकतीच नोकरी लागली होती. पहिल्या पगारातून सगळ्यांना जेवायला नेण्याचा तिने हट्ट धरला, आणि नेले ते नुंगंबाक्कममधल्या एका चिनी उपाहारगृहात. चेन्नईला चिनी जेवण नवे नाही. रस्त्यावरच्या गाड्यांवर संध्याकाळी कोबी मंचुरियनचा वास मैलभर दरवळतो. पण ते मंचुरियन चीनमध्ये कोणास ठाऊक नाही. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात लसूण, आले, हिरवी मिरची आणि सोयाचा रस यांच्या संयोगाने ते प्रथम सिद्ध केले, असे सांगतात. तो आपलाच पदार्थ. चिनी अंगरखा घातलेला. मुलगी आम्हांला नेणार होती ते जेवण मात्र त्या जातीचे नव्हते. त्याला कँटनकडच्या भाषेत 'दिम सम' म्हणतात.

या दोन अक्षरांचा अर्थ मोठा गोड आहे. पहिले अक्षर म्हणजे बिंदू, किंवा हलका स्पर्श. दुसरे म्हणजे हृदय. पोट भरण्यासाठी नव्हे, तर मनाला किंचित स्पर्श करण्यासाठी जे खावे ते दिम सम. आणि ते खावयास जाताना कँटनचा मनुष्य 'जेवायला जातो' असे म्हणत नाही, 'यम चा', म्हणजे 'चहा प्यायला जातो' असे म्हणतो. मूळ प्रघात चहागृहाचा. सकाळी म्हाताऱ्याकोताऱ्यांनी चहागृहात जाऊन बसावे, वर्तमानपत्र वाचावे, पिंजऱ्यातला पक्षी बरोबर न्यावा, आणि एक चहा व दोन नग एवढ्यावर दोन-अडीच तास काढावेत. 'एक पेला, दोन नग' अशी तिकडे म्हणच आहे. आपल्याकडील जुन्या इराण्याच्या दुकानात एका चहावर जी राज्ये उलथविली जात, त्याचेच हे भावंड.

आम्ही गोल मेजाभोवती बसलो. मध्ये फिरती तबकडी. प्रथम चहा आला, दूध-साखरेवाचूनचा, शेवंतीच्या फुलांचा वास असलेला. आक्काने तो पेला हातात धरून पुष्कळ वेळ नुसता पाहिला.

"हा चहा म्हणायचा?" तिने विचारले.

खरे म्हणजे चहा म्हणायचा तो यालाच. आपला 'चहा' हा शब्द चीनमधील 'चा' वरून आला. खुष्कीच्या मार्गाने इराणाकडून आणि समुद्रावरून पोर्तुगीजांबरोबर तो पसरला. परंतु चीनच्याच फूच्येन प्रांतातील किनाऱ्यावर त्याला 'ते' म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी तो उच्चार उचलला, इंग्रजांनी त्याचा 'टी' केला, आणि तमिळमध्ये त्याचे 'तेनीर' झाले. 'नीर' म्हणजे पाणी. म्हणजे त्या मेजावर आक्का पीत होती चहा आणि आमचे शेजारी पीत होते तेनीर. पात्र एक, आणि चीनच्या दोन बोलींचे दोन शब्द दोन वाटांनी येऊन त्या पात्रापाशी भेटलेले. शेजाऱ्यांना ही व्युत्पत्ती इतकी आवडली की ती आता बहुधा तिसऱ्या भेटीत सांगितली जाईल.

मुलीने सर्वांचे पेले भरले आणि आपला शेवटी भरला. हा तिकडचा शिष्टाचार. दुसऱ्याने आपला पेला भरला की बोलणे न थांबवता दोन बोटांनी मेजावर हलकेच टकटक करावयाचे, तोच आभार. याची एक कथा सांगतात. चिएन-लुंग बादशहा वेष पालटून हिंडत असता एका चहागृहात त्याने स्वतः आपल्या सेवकाचा पेला भरला. सेवकाने दंडवत घालावे तर बादशहा ओळखला जाणार. म्हणून त्याने बोटे दुमडून मेजावरच दंडवत घातले. कथा कथेपुरतीच घ्यावी. पण आक्काने ती ऐकली आणि मुलीने तिचा पेला पुन्हा भरला तेव्हा मेजावर उजव्या हाताची दोन बोटे टेकवली. टकटक झाली नाही. बोटे नुसती टेकली. मी दुसरीकडे पाहिले.

मग टोपल्या आल्या. बांबूच्या, वीतभर व्यासाच्या, एकीवर एक रचलेल्या. शाकाहारी टोपल्यांच्या कडेला हिरवा दोरा बांधलेला होता. हे आक्काला दाखवून तिची खात्री पटविण्यात आली. वरचे झाकण उघडले आणि वाफेचा लोट वर गेला. तो विरल्यावर आत तीन पांढरट, अर्धपारदर्शक पुड्या दिसल्या, एका बाजूने चुण्या घातलेल्या. हा पदार्थ कँटनकडे 'हार-गाउ' म्हणून प्रसिद्ध आहे. मुळात त्यात कोलंबी असते. आमच्यासाठी केलेल्यात अळंबी आणि त्यांच्याकडचा पाण्यातला शिंगाडा होता. इंग्रजीत त्याला आणि आपल्या शिंगाड्याला एकच नाव आहे, पण वनस्पती निराळ्या. कुरकुरीतपणा मात्र सारखाच.

आक्का पुढे वाकली. "अरे, हे तर उकडीचे," ती म्हणाली.

इथून पुढे जेवण माझ्या हातात राहिले नाही. तिने वाढणाऱ्या मुलाला बोलावले आणि आवरणाच्या पिठाची चौकशी आरंभिली. मराठी, हिंदी आणि हातवारे यांनी निष्पन्न झाले ते असे: हे आवरण तांदळाचे नव्हे. गव्हातला चिवट अंश धुऊन टाकल्यावर जे शुद्ध सत्त्व खाली बसते ते आणि टॅपिओकाचे सत्त्व यांच्या मिश्रणावर उकळते पाणी ओतून ते मळायचे. चिवटपणा गेल्यामुळेच शिजल्यावर ते काचेसारखे होते. आक्काने क्षणभर विचार केला. गव्हाचे सत्त्व म्हणजे चीक. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, निवळून जो काढतात आणि ज्याच्या कुरडया घालतात तो. आणि टॅपिओका म्हणजे साबुदाण्याचा कंद; तो साबुदाणाही तमिळनाडूतल्या सेलमचाच.

"म्हणजे कुरडई आणि एकादशी यांचे लग्न लावून दिले आहे," आक्का म्हणाली, आणि पहिला घास उतरला.

तो उतरला, परंतु एक अडचण राहिली होती आणि ती मोठी होती. आपल्याकडे प्रत्येकाचे पान वेगळे. पंगतीत वाढपी वरून वाढतो; कोणी कोणाच्या पानाला स्पर्श करीत नाही; आणि पानातला हात भांड्यात जाणे म्हणजे ते भांडे उष्टे. दिम समची सारी रीतच याच्या उलट. टोपली मध्ये, आणि सगळ्यांच्या काड्या तीत. त्यातही टोपलीत नग असतात तीन किंवा चार, आणि आम्ही माणसे होतो पाच. तेव्हा कोणी घ्यायचे, कोणी सोडायचे, कोणी अर्धा करायचा हे दर टोपलीला ठरवावे लागते. माझ्या मते या जेवणाचे मर्म याच अपुऱ्या हिशेबात आहे. प्रत्येकाला पुरेसे वाढलेल्या पानावर मनुष्य एकटा जेवू शकतो. तीन नगांच्या टोपलीवर पाच माणसे बसली की त्यांना एकमेकांकडे पाहावेच लागते.

उष्ट्याचा विचार तिकडेही अगदी नाही असे नाही. 2003 साली सार्सची साथ आल्यावर हाँगकाँगमध्ये वाढून घेण्यासाठी वेगळ्या काड्या ठेवण्याचा पुष्कळ प्रचार झाला. आमच्या मेजावरही तशा लांब काड्या होत्या, आणि त्यांनी आक्काचा प्रश्न सोडवला. मुलीने प्रत्येक टोपली प्रथम आक्कापुढे फिरवायची, वेगळ्या काड्यांनी तिच्या बशीत वाढायचे, मग इतरांनी घ्यायचे. नैवेद्य आधी, प्रसाद मागून, असे आमच्या शेजाऱ्यांनी त्याचे समर्थन केले.

पुढे काय काय आले ते सगळे सांगत बसत नाही. पण मुळ्याची वडी सांगितली पाहिजे. पांढरा मुळा किसून तांदळाच्या पिठात कालवायचा, वाफवून त्याचे चौकोनी ढेकूळ करायचे, मग काप पाडून तव्यावर खरपूस भाजायचे. हीच कोथिंबिरीच्या वडीची कृती, हीच अळूवडीची. कमळाच्या पानात बांधून वाफवलेला चिकट तांदूळ आला तेव्हा मला हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या. पान सोडताना येणारा वास निराळा, पण पान सोडताना होणारी उत्सुकता तीच. आणि एक लुसलुशीत पांढरी बनपावासारखी वस्तू आली, तिला 'बाव' म्हणतात. आपला 'पाव' पोर्तुगीजांकडून आला, त्याचे याच्याशी नाते नाही. शब्द नुसते वाटेत एकमेकांसारखे दिसले. अशी फसवी साम्येही असतात, आणि भुकेल्या माणसाने व्युत्पत्ती सांगू नये हेच खरे.

वाफेवरून मला एक जुना चिनी पाहुणा आठवला. ह्युएन त्संग हा यात्रेकरू सातव्या शतकात, 640 च्या सुमारास, कांचीपुरास आला होता. चेन्नईहून कांची काही तासांचीही वाट नाही. तेथून पुढे तो महाराष्ट्रात गेला, आणि दुसऱ्या पुलकेशीच्या काळच्या मराठी माणसाचे वर्णन त्याने लिहून ठेवले. त्याच्या ग्रंथात आपल्या स्वयंपाकघराविषयीही एक वाक्य आहे. या देशातले लोक हंड्या-कढया वापरतात, पण वाफवण्याचे पात्र त्यांना ठाऊक नाही, अशा अर्थाचे. चीनमध्ये मातीची वाफेची पात्रे हजारो वर्षे जुन्या उत्खननांत सापडतात. तेव्हा त्याला ही उणीव खटकली यात नवल नाही. खाद्येतिहासकार के. टी. आचया यांनी या वाक्याच्या आधाराने असा तर्क केला की इडली वाफवण्याची युक्ती आग्नेय आशियातून आपल्याकडे आली असावी. तो सर्वांना मान्य नाही. संस्कृत ग्रंथांतला मोदकही बहुधा लाडूच असे. परंतु आज त्या यात्रेकरूला चेन्नईत सकाळी सहा वाजता कोणत्याही गल्लीतून नेले असते, किंवा चतुर्थीच्या दिवशी कोकणातल्या कोणत्याही घरात, तर आपले वाक्य त्याने खोडले असते, एवढे मात्र निश्चित.

आक्काचे लक्ष मात्र इतिहासाकडे नव्हते, टोपलीकडे होते. तिने झाकण उलटून पाहिले. ते आतून कोरडे होते. आपण धातूच्या मोदकपात्रात मोदक ठेवतो तेव्हा झाकणावर वाफेचे पाणी जमते आणि थेंब पडून मोदक चिकट होतो. म्हणून झाकणाला फडके बांधावे लागते. बांबूचे विणलेले झाकण वाफ वर सोडते आणि ओल स्वतः पिते. "साठ वर्षे फडके बांधत आले," ती म्हणाली, "आणि टोपल्या तर वर महाबळेश्वरी मिळत होत्या."

तिने सहज म्हटले, पण त्या टोपल्यांचीही एक गोष्ट आहे. महाबळेश्वरी 'चायनामन फॉल' नावाचा धबधबा आहे; सहलीला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी त्यापाशी छायाचित्र काढून घेतले असेल. ते नाव पडले ते एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तेथे ठेवलेल्या चिनी कैद्यांमुळे. सिंगापूर-पिनांगकडच्या इंग्रजी वसाहतींतून चिनी आणि मलायी बंदी समुद्र ओलांडून आणले जात, आणि महाबळेश्वराच्या थंड हवेत त्यांच्याकडून बटाटे व भाजीपाला पिकवून घेतला जाई; वेताच्या टोपल्या विणण्याचे कामही ते करीत. मद्रास इलाख्यातही असेच झाले. निलगिरीत नडुवट्टम येथे सिंकोनाच्या मळ्यांवर चिनी बंदी राबले, त्यांतले काही शिक्षा संपल्यावर तेथेच राहिले, तमिळ स्त्रियांशी त्यांनी संसार मांडले. एडगर थर्स्टनने त्या कुटुंबांची नोंद केली आहे. म्हणजे मराठी आणि तमिळ, दोन्ही मुलुखांत चिनी माणूस प्रथम स्वयंपाकी म्हणून आला नाही, तो बेड्या घालून आला. आपण खाल्लेल्या महाबळेश्वरच्या भाजीत त्याचा हात आहे, आणि त्याचे स्मरण म्हणून उरला आहे एक धबधबा, तोही इंग्रजी नावाचा.

चेन्नईत आज चिनी वस्ती म्हणावी अशी नाही. हूपेइ प्रांतातून आलेल्या काही घराण्यांचे दवाखाने मात्र आहेत. पिढ्यान्‌पिढ्या ती दंतवैद्यकी करतात आणि अस्खलित तमिळ बोलतात. आमच्या शेजाऱ्यांच्या दाढा तेथेच दुरुस्त झालेल्या. "दात त्यांनी बसवले, म्हणून त्यांचे अन्न चावतो आहे," असे ते म्हणाले आणि आपल्या विनोदावर स्वतःच हसले.

जेवण संपत आले तेव्हा आक्काने स्वयंपाकघर पाहण्याची इच्छा दर्शविली. मी संकोचलो, मुलगी संकोचली नाही. व्यवस्थापकाने परवानगी दिली. आत काचेमागे एक पन्नाशीचा मनुष्य पुड्या वळत होता. तो दार्जिलिंगकडचा. हे काम तो कलकत्त्यास टँग्रा भागात, एका हाक्का चिनी गुरूच्या हाताखाली शिकला होता. कलकत्त्याच्या चिनी लोकांची वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनची. तेथल्या टिरेटा बाजारात आजही पहाटे उघड्यावर सिउ-माय आणि बाव विकतात. दिम समचे हिंदुस्थानातले खरे घर तेच, चेन्नई-मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलांत नव्हे. मी विचारले, "तुमचे गुरू आता कोठे आहेत?" तो म्हणाला, "टोरांटोला. सगळेच गेले." आणि पुडी वळत राहिला.

सगळे का गेले, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. टँग्राचे कातड्याचे कारखाने पुढे शहराबाहेर हलवले गेले, हे एक कारण झाले. पण त्याच्याही आधीचे कारण आपल्यापैकी वडीलधाऱ्यांस ठाऊक असले पाहिजे. 1962 च्या युद्धानंतर आसाम, बंगाल आणि अन्य भागांतील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना घरांतून उचलून राजस्थानात देवळी येथील छावणीत नेऊन ठेवले. त्यांत म्हातारे होते, तान्ही मुले होती, येथेच जन्मलेले आणि चीन कधी न पाहिलेले होते. कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे तेथे होती. शेवटची माणसे 1967 मध्ये सुटली. घरी परतली तर घरे लिलावात निघालेली. आक्रमण चीनच्या सरकारने केले होते. आपले जवान हिमालयात पडले होते. देश दुखावलेला होता, हे सर्व खरे. मी त्या वेळच्या क्षोभाला नावे ठेवीत नाही. परंतु आसामातल्या माकुमच्या सुताराने किंवा कलकत्त्याच्या चांभाराने ते आक्रमण केले नव्हते, हेही तितकेच खरे; आणि ज्या वर्षांत आपण त्या लोकांना दूर केले, त्यानंतरच्या वर्षांतच त्यांचे अन्न गावोगावच्या गाड्यांवर पोहोचले. ही विसंगती मला त्या काचेसमोर उभे असताना जाणवली. दार्जिलिंगच्या त्या मनुष्याच्या बोटांत टोरांटोला गेलेल्या एका माणसाची विद्या होती, आणि ती मी दहा मिनिटांपूर्वी चघळली होती.

आक्का काचेला नाक लावून पाहत होती. त्याने सपाट सुरीच्या पात्याने पिठाची गोळी दाबून पातळ चकती केली, मध्ये सारण ठेवले, आणि अंगठा व तर्जनी यांच्या पकडीत एकामागून एक चुण्या घातल्या, सर्व एकाच बाजूस. मागली बाजू सपाट राहिली. जाणकार अशा पुडीला निदान सात चुण्या मागतात, दहा असल्या तर उत्तम.

"एकाच बाजूला घालतो," आक्का म्हणाली. "म्हणून हात फिरवावा लागत नाही. आपल्या मोदकाला पारी सबंध फिरवावी लागते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "डाव्या हाताने पारी फिरवली आणि कळ्या दुसऱ्याने घातल्या, तर?"

हे ती मला विचारीत नव्हती. काचेलाही विचारीत नव्हती. बाहेर येऊन ती पुन्हा खुर्चीवर बसली. मधल्या टोपलीत एक नग उरला होता. प्रत्येकाने दुसऱ्यासाठी सोडलेला. असा शेवटचा नग सर्वत्र उरतोच, आणि तिकडेही तो कोणी घ्यावा यावर आग्रहाची हातघाई होते, असे म्हणतात. आक्काने वेगळ्या काड्या हाती घेतल्या, त्या तिला धरता आल्या नाहीत, त्या तिने खाली ठेवल्या. मग सरळ हाताने तो नग उचलला आणि मुलीच्या बशीत घातला. जिने साठ वर्षे भांड्यातला हात पानात आणि पानातला हात भांड्यात जाऊ दिला नाही, तिने. कोणी काही बोलले नाही. मुलीने दोन बोटांनी मेजावर टकटक केली.

चतुर्थीला दहा दिवस होते. तंजावरी घरांतून त्या दिवशी तमिळ रीतीचे 'कोळुक्कट्टै' करतात; सारण गूळखोबऱ्याचेच, पण बहुधा कळ्यांवाचून, नुसते टोक काढलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आमच्याकडे आली ती तांदळाची पिठी घेऊन. आक्काने उकड काढवून घेतली, तिला तेलापाण्याचा हात लावून मळवून घेतली, आणि पारी डाव्या तळहातावर ठेवली. ती फिरवायची, मुलीने चिमटे घ्यायचे. पहिल्या चार पाऱ्या फाटल्या. पाचवी फाटली नाही. सहावीत सारण भरले गेले. आमच्या घरात बांबूची टोपली नव्हती, म्हणून झाकणाला फडके बांधले. पंधरा मिनिटांनी मोदकपात्र उघडले तेव्हा त्या मोदकाचे टोक एका बाजूस कलंडलेले होते. आक्काने तो केळीच्या पानावर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि नखाने कळ्या मोजल्या. मुलगी श्वास रोखून उभी होती.

"सात," आक्का म्हणाली. "आपल्या हिशेबाने नापास. चीनच्या हिशेबाने पास. दुसरी पारी घे."